कवड्यांचा डाव परत द्यायचा तर

"अरे, माझ्या कवड्या कुठे गेल्या?" रामबागेतून आत्याचा फोन आला तेव्हा मी इंदूरच्या छप्पन दुकानवर पोह्यांची प्लेट हातात घेऊन उभा होतो. आदल्या रात्रीच मी माझ्या पटाच्या खेळाची २.० आवृत्ती सोडली होती. १.४ पर्यंत त्यात पचिशीच्या सहा कवड्या होत्या, नव्यात मी सारीपाटाचे लांबट फासे आणले. घरं तीच ९६, सोंगट्या त्याच १६. पण आत्याच्या लेखी तो खेळच राहिला नव्हता. दुपारपर्यंत दोघातिघांचे निरोप आले, "भिया, पुराना वाला दे दो."

दिला. आत्याने लॅपटॉपवर जुनी आवृत्ती चढवली, उघडली, आणि अर्ध्यावर आलेला तिचा डाव गायब. २.० ने उघडल्या उघडल्या सेव्ह फाइल, म्हणजे डाव साठवलेली फाइल, नव्या पद्धतीने लिहून टाकली होती, जुन्या खेळाला ती वाचताच येईना. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून खेळाडूला जुन्या आवृत्तीत परत जाता यावं यासाठी माझा क्रम ठरलाय: आधी सेव्ह, मग बिल्ड (कोडमधून बांधलेली खेळाची तयार प्रत), आवृत्ती बदलायची सोय सगळ्यात शेवटी.

सेव्ह फाइलमध्ये पहिल्याच ओळीत तिच्या रचनेचा क्रमांक लिहा. हा खेळाच्या आवृत्तीचा क्रमांक नव्हे. माझ्या १.२ ते १.४ मध्ये रचना एकच होती, तिचा क्रमांक ३. फासे आल्यावर झाला ४. आता नवा खेळ 'डाव-४' नावाचं फोल्डर शोधतो. ते नसेल तर 'डाव-३' मधल्या फाइलची प्रत करतो आणि त्या प्रतीचं रूपांतर करतो. मूळ फाइलला हात लावत नाही. हे फोल्डर मुद्दाम वेगळं करावं लागतं, कारण खेळ बनवायच्या इंजिनांपैकी गोडो प्रकल्पाच्या नावावरून आणि युनिटी कंपनी व खेळाच्या नावावरून सेव्हची जागा ठरवतं. नाव तेच राहिलं की दोन्ही आवृत्त्या गुपचूप एकाच घरात येऊन राहतात.

रूपांतरात खरी डोकेदुखी अर्धवट खेळीची. माझ्या खेळात सहाही कवड्या पालथ्या पडल्या की २५, एकच उताणी पडली की १०. आता कुणाचं २५ चं दान पडलंय, सोंगटी हलवायची बाकी आहे आणि त्याने नवी आवृत्ती उघडली, तर त्या २५ चं फाशांत काय करणार? मी सोंगट्यांची घरं तशीच नेतो, शिल्लक दान रद्द करतो आणि तसं पडद्यावर सांगतो. दुसरी गोष्ट सांगायची ती ही: "जुन्या आवृत्तीत परत गेलात तर डाव तुम्ही सोडलात तिथूनच सुरू होईल, नव्यात खेळलेलं तिकडे येणार नाही." उलटं रूपांतर करायच्या फंदात पडू नका, मी दोन आठवडे घालवून सोडून दिलं.

जुन्या आवृत्तीलाही थोडी डागडुजी लागते. तिला 'माझ्यापेक्षा मोठा क्रमांक दिसला तर फाइल उघडू नकोस, लिहू तर मुळीच नकोस' एवढं शिकवायचं. म्हणून मी १.४.१ काढली. त्यासाठी गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, १.४ ला टॅग (नावाची खूण) हवा होता, तो मी लावलाच नव्हता. तारखा बघत त्या वेळची नोंद, म्हणजे कमिट, हुडकत बसलो. प्रत्येक आवृत्ती सोडताना टॅग लावा, शिवाय तयार बिल्डची एक झिप वेगळी ठेवा. इंजिन बदललं की जुना कोड बांधला जाईलच असं नाही.

यापुढचं काम स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर सोपं आहे. स्टीमवर्क्समध्ये, म्हणजे खेळ बनवणाऱ्यांसाठीच्या त्याच्या साइटवर, चढवलेली जुनी बिल्ड यादीत असतात. बिल्ड्सच्या पानावर नवी ब्रँच (खेळाची वेगळी शाखा) करायची, वर्णन लिहायचं आणि हवं ते बिल्ड तिच्यावर लाइव्ह करायचं. पासवर्ड ठेवू नका, मग ती सगळ्यांना दिसते. खेळाडू लायब्ररीत खेळावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जातो आणि बीटाच्या यादीतून ती निवडतो. बीटा म्हटलं की लोकांना कच्चं काहीतरी वाटतं, म्हणून वर्णनात मी '१.४.१, कवड्यांचा जुना खेळ' असं लिहिलंय. नुसत्या आकड्यावरून आत्याला काय कळणार! स्टीम क्लाउड (सेव्ह स्टीमच्या सर्व्हरवर ठेवायची सोय) चालू असेल तर तो ब्रँच बघत नाही, दोन्हींच्या फायली एकाच खात्यात जातात. वेगळी फोल्डरं इथे पुन्हा उपयोगी पडतात.

इच डॉट आयओ या खेळांच्या साइटवर तर एकाच पानावर दोन अपलोड ठेवले की झालं.

अँड्रॉइडवर मात्र अडतं. नव्या अ‍ॅपवर कमी व्हर्जन कोडचं (आवृत्तीच्या अंतर्गत क्रमांकाचं) जुनं अ‍ॅप चढत नाही. आधी नवं काढावं लागतं आणि त्याबरोबर बहुधा साठवलेले डावही जातात. मी जुना खेळ वेगळ्या पॅकेज नावाने (अँड्रॉइड अ‍ॅपला ज्यावरून ओळखतं त्या नावाने) स्वतंत्र अ‍ॅप म्हणून दिला, आता दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. पण एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या आतल्या फायली दिसत नाहीत, तेव्हा 'डाव फाइलमध्ये काढा' असं बटण आधीच्या आवृत्तीतच देऊन ठेवा.

ऑनलाइन खेळ असेल तर जोडी लावताना सर्व्हरने नियमांचा क्रमांक जुळवून बघायचा. एकाकडे कवड्या आणि दुसऱ्याकडे फासे, असा डाव लागता कामा नये.

किती जुन्या आवृत्त्या ठेवायच्या? नियम बदलण्याआधीची शेवटची, बस. मी सुरुवातीला हौसेने पाच ठेवल्या होत्या, आणि कुठली तक्रार कुठल्या आवृत्तीची तेच कळेना. आता पटाच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आवृत्ती छापलेली असते. सोडण्याआधी मी एकाच लॅपटॉपवर जुनी, नवी, पुन्हा जुनी, पुन्हा नवी अशा फेऱ्या मारतो, दर फेरीत एक सोंगटी हलवून. शेवटच्या फेरीत दोन्हीकडच्या सोंगट्या आपापल्या घरात सापडल्या, तरच बिल्ड आत्याकडे जातं.