डीलरच्या ‘चालतंय की’वर पॅनेलचं ड्रॉइंग काढू नका

कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत मोटर फीडरच्या (मोटरला वीज देणाऱ्या) पॅनेलचं ड्रॉइंग काढताना ब्रेकर, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले (जादा करंटपासून मोटर वाचवणारा) दुकानात आहे त्यातून जुळवू नका. हे नग बनवणाऱ्या कंपनीच्या ॲप्लिकेशन इंजिनिअरकडून टाइप-२ कोऑर्डिनेशनचा तक्ता मागवा, म्हणजे शॉर्ट सर्किटनंतरही पुन्हा वापरता येतील अशा जुळलेल्या नगांची यादी. तो फुकट मिळतो.

मेलमध्ये नुसतं ‘१५ एचपी’ लिहिलंत तर उत्तरही मोघमच येणार. मोटरच्या प्लेटवरचा करंट, मोटर डीओएलने (थेट लाइनवर) सुरू होते की स्टार-डेल्टाने (आधी कमी व्होल्टेजवर), पॅनेलच्या आतलं तापमान आणि फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किट झाल्यास वाहू शकणारा करंट) कळवा. ५०० केव्हीए, ४१५ व्होल्ट, ४.५ टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याचा फुल लोड करंट ६९६ अँपिअर भागिले ०.०४५, म्हणजे त्याच्या टर्मिनलवर फॉल्ट लेव्हल साधारण १५.५ केए (किलोअँपिअर). फॉल्टमध्ये चालू मोटरकडून येणारा करंट वेगळा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद पॅनेल आतून सहज ५० अंशांवर जातं, म्हणून डीरेटिंगचा (उष्णतेत नगाची क्षमता किती कमी धरायची याचा) तक्ताही त्याच मेलमध्ये मागा.

खरी गडबड होते ती माल शॉर्ट असताना. डीलर दुसऱ्या कंपनीचा ‘सेम रेटिंग’चा कॉन्टॅक्टर देतो. पण टाइप-२ची चाचणी त्या ठरावीक जोडीचीच झालेली असते. एक नग बदलला की ती लागू राहत नाही. मग शॉर्ट सर्किटमध्ये कॉन्टॅक्ट कायमचे चिकटू शकतात, रिले जळू शकतो. पर्यायी नगाचा कॅटलॉग नंबर कंपनीकडून लेखी आल्याशिवाय ड्रॉइंग बदलू नका.