टीव्ही घेताना आकड्यामागचं अक्षरही वाचा

खोक्यावर ‘एचडी रेडी’ लिहिलेलं दिसलं की घाईनं पाकीट काढू नका. त्याचा अर्थ टीव्ही एचडी सिग्नल घेऊ शकतो, इतकाच. अशा बहुतेक टीव्हींचा पडदा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा असतो. फुल एचडीत १९२० × १०८० ठिपके, म्हणजे जवळपास दुप्पट. फोरके ३८४० × २१६०, फुल एचडीच्या बरोबर चौपट.

आता ते अक्षर. १०८०पी म्हणजे प्रत्येक चित्रात सगळ्या १०८० ओळी एकदम. १०८०आय मध्ये आधी विषम ओळी, मग सम ओळी, एका वेळी ५४०च. आपल्याकडे अशी अर्धी चित्रं सेकंदाला ५० येतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे छान खपून जायचं. सपाट पडदा मात्र सगळ्या ओळी एकत्रच दाखवतो, त्यामुळे दोन अर्धी चित्रं त्याला जुळवावी लागतात. जुळवणी कच्ची असली की धावणाऱ्या गोलंदाजाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. दोष केबलवाल्याचा नसतो (दरवेळी तरी नाही!).

घरी एवढं करा: सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट बघा. एचडी बॉक्स असूनही तिथे ५७६आय असेल, तर चित्र धूसरच दिसणार. १०८०आय आणि १०८०पी आलटूनपालटून लावा, क्रिकेटचा सामना चालू असताना. ज्यात कडा स्वच्छ दिसतील, ते ठेवा. आणि वायर एचडीएमआयचीच हवी. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांमधून एचडी जातच नाही.