पाऊस ओसरला, आता घोड्याचे खूर उचलून बघा

परतीचा पाऊस थांबला की पंधरा दिवसांत आपल्या बेळगावकडच्या चिखलाचे धोंडे होतात. खानापूरकडचा चार महिने भिजलेला खूर असो की अथणी-रायबागच्या काळ्या रानात रुतून आलेला, दोन्ही याच दिवसांत वाळतात आणि चिरतात. शर्यतीचा घोडा, टांग्याचा घोडा, बकऱ्यांमागे बिऱ्हाड वाहणारं धनगराचं तट्टू, कुणाचंही जनावर असू दे, दिवाळीआधी चारही पाय धुऊन, वाळवून बघा.

चीर कुठून निघाली ते आधी ओळखा. जमिनीकडून वर चढलेली चीर बहुधा वाढलेल्या खुराची असते. खूर छाटून कानशीनं कड गोल केली की तिचं बळ जातं. केसांच्या किनारीतून खाली उतरलेली चीर वाईट, कारण खूर जिथून उगवतो तीच जागा दुखावलेली असते. घोडा लंगडत असेल, रक्त-पू दिसत असेल, तर नालबंदाच्या आधी जनावरांचे डॉक्टर. धनुर्वाताची लस झाली नसेल तर तेही त्याच वेळी सांगा. घोड्याला हा रोग फार लवकर धरतो.

चीर दिसली की ती बुजवायची घाई सगळ्यांना असते, मलाही होती. घोडीच्या पुढच्या पायाची चीर मी घरीच दोन नळ्यांचा गोंद कालवून बुजवली. वरून झकास दिसत होतं. आठव्या दिवशी खूर हाताला गरम लागला, गोंद उचकटला तर आतून काळं, घाण वासाचं पाणी आलं.

जाणता नालबंद आधी भार काढतो. चिरेखालची कड तो एवढी कानसतो की नाल बसल्यावर मधून करवतीचं पातं सरकावं. मग टाचेकडे जोडलेली बंद नाल घालतो, म्हणजे वजन तळाच्या मऊ त्रिकोणी भागावरही वाटलं जातं. चीर समोर असेल तर नालेला दोन्ही बाजूंनी उभे कान काढतो. ते खूर फाकू देत नाहीत. खिळा चिरेजवळ नको, आणि तळाला खुराच्या कडेनं दिसणाऱ्या पांढऱ्या रेषेच्या आत, जिवंत भागात, तर कधीच नको. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाला तापल्या सळईनं आडवी रेघ ओढायची जुनी रीत आहे, पण भार तसाच ठेवून नुसत्या रेघेवर माझा भरवसा नाही.

त्यानंतर चीर सुरीनं कोरून सुकं, घट्ट खूर लागेपर्यंत साफ करायची. हलणारी चीर असेल तर दोन्ही काठांना बारीक भोकं पाडून तारेनं आवळतात, वरून अॅक्रिलिकचा थर देतात. आत ओल किंवा जिवंत मांस दिसत असेल तर थर थांबवा, पाणी निचरायला वाट राहू द्या. हे ड्रिलचं काम सरावलेल्या हातानंच करावं.

दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर छाटून घ्या. रोज 15 ते 20 मिलिग्रॅम बायोटिन (एक जीवनसत्त्व) काही महिने दिलं तर नवा खूर बरा येतो, जुनी चीर त्यानं सांधत नाही. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. म्हणजे किनारीची चीर आज दिसली, तर माघात चिंचलीच्या मायाक्काची जत्रा येईपर्यंत ती जेमतेम तीन सेंटीमीटर खाली आलेली असेल. त्या घोड्याला यंदा शर्यतीत धरू नका.