रोबोच्या लिफ्टसाठी मोटर आणि गिअरबॉक्स: हिशोब वजनापासून सुरू करा

स्पर्धेच्या रोबोची लिफ्ट करताना बऱ्याच टीम आधी मोटर मागवतात आणि मग ती पुरते का ते पाहतात. क्रम उलटा हवा. किती वजन, किती उंच, किती वेळात, हे तीन आकडे कागदावर येईपर्यंत मोटरची ऑर्डर टाकू नका. गिअरबॉक्सचा रेशो (मोटरच्या किती फेऱ्यांना बाहेरचा शाफ्ट एक फेरी घेतो) बाजारात असेल तोच घ्यावा लागतो, पण दोरी गुंडाळणाऱ्या ड्रमचा व्यास तुमच्या हातात असतो. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथवर तो हव्या त्या मापाचा काढून मिळतो. कलाभवनात (महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या इंजिनीअरिंग कॉलेजात) शिकत असाल तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्येही जमेल. म्हणून ड्रम हा गिअरबॉक्सचाच शेवटचा टप्पा धरून हिशोब करा.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. कॅरेज (रेलवर वर-खाली सरकणारा भाग) आणि ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा) ४ किलो, उचलायची वस्तू २ किलो, उंची १.२ मीटर, वेळ दीड सेकंद.

आधी ओढ मोजा

घर्षण अंदाजाने धरू नका, ते मोजता येतं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या. मोटर न जोडता दोरी तिच्या सगळ्या पुल्यांवरून आणा, टोक काट्याला बांधा आणि वस्तूसकट कॅरेज हळू, एकसारख्या वेगाने वर ओढा. आकडा लिहा. मग तशीच सावकाश खाली सोडा आणि तोही आकडा लिहा. कॅरेज हलत असतानाच वाचायचं; थांबलेल्या कॅरेजवरचा आकडा काहीच सांगत नाही. काटा ज्या दिशेने धरून ओढणार, त्याच दिशेने धरून आधी शून्य करा. समजा वर जाताना ७.२ किलो आणि खाली येताना ४.८ किलो आले. सरासरी ६ किलो हे वजन, फरकाचं निम्मं म्हणजे १.२ किलो हे घर्षण. हे २० टक्के झालं, चालेल. तळाशी, मधे आणि वर अशा तिन्ही ठिकाणी मोजा. वर गेल्यावर घर्षण एकदम वाढत असेल तर रेल समांतर नाहीत किंवा कॅरेज तिरकी होऊन अडकते आहे. तो दोष मोठ्या मोटरने झाकू नका. रेल सरळ करा.

कॅसकेड पद्धतीची (एक टप्पा पुढच्याला ओढतो, सगळे एकदम वर जातात) दोन हलत्या टप्प्यांची लिफ्ट असेल तर काटा जवळपास दुप्पट दाखवेल, कारण कॅरेज १.२ मीटर चढताना दोरी फक्त ०.६ मीटर ओढली जाते. जोर दुप्पट, वेग निम्मा, पॉवर तेवढीच. कंटिन्युअस दोरीत (एकच दोरी सगळ्या टप्प्यांमधून जाते) उलट: जोर कमी, पण ड्रमवर सगळी लांबी गुंडाळावी लागते. टप्प्यांचं स्वतःचं वजनही यात मोजलं जातं, म्हणून काट्यावरचा आकडाच प्रमाण माना. पुढचा हिशोब कंटिन्युअस दोरीचा आहे.

आता वेग. लिफ्ट एकदम पूर्ण वेगाने सुटत नाही. ३ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने वेग वाढवत १ मीटर प्रति सेकंदापर्यंत नेला आणि शेवटी तसाच उतरवला तर १.२ मीटरला साधारण १.५३ सेकंद लागतात. वेग वाढवायला ६ × ३ = १८ न्यूटन. घर्षणासकट वजन ७.२ × ९.८१ = ७१ न्यूटन. एकूण ८९, म्हणजे ९० धरा. गुणिले १ मीटर प्रति सेकंद, म्हणजे दोरीवर ९० वॅट. दोन टप्प्यांच्या प्लॅनेटरी गिअरबॉक्सची (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात तो) कार्यक्षमता ८० टक्के धरली तर मोटरच्या शाफ्टवर सुमारे ११३ वॅट लागतात.

मोटरचे चार आकडे

डेटाशीटवर चार गोष्टी हव्यात: नो-लोड आरपीएम, नो-लोड करंट, स्टॉल टॉर्क, स्टॉल करंट. नो-लोड म्हणजे मोटर मोकळी फिरताना, स्टॉल म्हणजे वीज चालू असून शाफ्ट अडकलेला असताना; टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. आपल्याकडे विक्रीच्या पानावर टॉर्क किलो-सेंमीमध्ये असतो; १ न्यूटन-मीटर म्हणजे १०.२ किलो-सेंमी. ठळक अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा स्टॉलचा असतो, आणि तो सतत मिळत नाही. रोजच्या कामाला त्याच्या १५ ते ३० टक्केच धरा.

स्टॉल करंट दिलेला नसेल तर मोजा. मोटरचा शाफ्ट पक्का धरून बेंच सप्लायने ३ व्होल्ट द्या, सेकंदभरात करंट वाचा आणि बंद करा. २४ व्होल्टच्या मोटरला हा आकडा आठपट करायचा. व्होल्टेज सप्लायवर नाही, मोटरच्या टर्मिनलवर मोजा, नाहीतर वायरमधली घट हिशोबात येत नाही.

आपली मोटर धरू: २४ व्होल्ट, ६००० आरपीएम, स्टॉल टॉर्क १.२ न्यूटन-मीटर, स्टॉल करंट ३२ अँपिअर, नो-लोड १ अँपिअर. तिची कमाल पॉवर सुमारे १८८ वॅट, म्हणजे ११३ वॅट जमतात. पण कमाल पॉवर निम्म्या स्टॉल टॉर्कवर मिळते आणि तिथे मोटर भाजून निघते. काम त्याच्या बरंच अलीकडे व्हायला हवं.

बाजारात प्लॅनेटरी रेशो ५.२, १३.७, १९.२, २६.९ असे येतात. १३.७ घेऊन ड्रमची त्रिज्या ३० मिलिमीटर धरा. ड्रमवर टॉर्क ९० × ०.०३ = २.७ न्यूटन-मीटर. भागिले १३.७, भागिले ०.८, म्हणजे मोटरवर ०.२५. हे स्टॉलच्या सुमारे २१ टक्के, उत्तम जागा. मोटर ४७५० आरपीएमच्या आसपास फिरते, ड्रम ३४७ आरपीएम, दोरी १.०९ मीटर प्रति सेकंद. करंट साडेसात अँपिअर. सहा सेलची लिपो बॅटरी २२.२ व्होल्टवर उतरली तरी वेग ०.९८ च्या जवळ राहतो.

त्याच ड्रमला ५.२ चा गिअरबॉक्स लावला तर? वेग १.६६ मीटर प्रति सेकंद दिसतो आणि मोह होतो. पण मोटर स्टॉलच्या ५४ टक्क्यांवर जाते, करंट १८ अँपिअरजवळ, आणि वाइंडिंगमधली उष्णता ४० वॅटवरून २४० च्या आसपास. करंट अडीचपटीच्या आत, उष्णता जवळजवळ सहापट. २६.९ घेतला तर बिनवजनी कॅरेजसुद्धा ०.७ मीटर प्रति सेकंदाच्या पुढे जाणार नाही. आणि १९.२ चा गिअरबॉक्स आधीच घरात पडून असेल तर तो टाकू नका. ड्रम ८४ मिलिमीटर व्यासाचा करा, हिशोब जवळपास तोच येतो.

ड्रम, शाफ्ट, गिअर

२ मिलिमीटर जाडीच्या डायनीमा दोरीला ड्रमच्या तळाचा व्यास ५८ मिलिमीटर ठेवा. दोरीच्या मध्यापर्यंत बरोबर ३० ची त्रिज्या मिळते. १.२ मीटरला साडेसहा वेढे, शिवाय तीन वेढे कायम ड्रमवर राहिलेच पाहिजेत, म्हणजे गाठीवर ओढ येत नाही. रुंदी २४ मिलिमीटर पुरते. वेढ्यावर वेढा चढला की त्रिज्या वाढते आणि एन्कोडरने (फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरने) काढलेली उंची चुकायला लागते. पहिली पुली ड्रमच्या मधोमध समोर आणि ३० सेंटिमीटर तरी लांब असू द्या. टर्नरला माप तोंडी सांगू नका. चित्र द्या आणि गिअरबॉक्स सोबत न्या, म्हणजे बोअर त्याच शाफ्टवर बसवून बघता येईल. एकट्या ग्रब स्क्रूवर (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूवर) लिफ्ट टांगू नका. की-वे (चावी बसवायची खाच), किंवा निदान शाफ्टच्या सपाट भागावर दोन स्क्रू आणि थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद).

गिअरबॉक्सच्या शाफ्टला ड्रम लटकवून दुसरी बाजू मोकळी सोडणं ही सर्रास होणारी चूक. ओढ आडवी लागते, बेअरिंग ढिलं होतं, गिअर तिरके लागून दात खातात. ड्रमच्या पलीकडे दुसरं बेअरिंग द्याच. बाजूला शाफ्ट असलेल्या स्वस्त स्पर गिअर मोटरींमध्ये पुष्कळदा बेअरिंगऐवजी नुसता बुश (साधी धातूची कडी) असतो. त्या ग्रिपरला ठीक, लिफ्टला नकोत.

कॅरेज अडकली तर ही मोटर दोरीला साधारण ४४० न्यूटन, म्हणजे ४४ किलोची ओढ देऊ शकते. शाफ्ट वाकतो नाहीतर प्लॅनेटच्या पिना कापल्या जातात. मोटर ड्रायव्हरमध्ये (मोटरला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) १२ अँपिअरची मर्यादा घातली की ही ओढ १६ किलोवर थांबते आणि रोजचे साडेसात अँपिअर आरामात मिळतात. वर-खाली लिमिट स्विच लावा, आणि त्यांच्या १७ सेंटिमीटर आधीच एन्कोडरने वेग उतरवायला सुरुवात करा. कॅरेज थांबते, पण मोटरचा रोटर जोरात फिरतच असतो. त्याचा धक्का गिअरच्या दातांवर येतो.

वर धरून ठेवणं

वजनाच्या ओढीने प्लॅनेटरी गिअरबॉक्स उलटा फिरतो. ड्रायव्हरचा ब्रेक मोड लिफ्ट धरत नाही, फक्त सावकाश सोडतो: आपल्या उदाहरणात सेकंदाला १० ते १४ सेंटिमीटर. एन्कोडरवर पीआयडीने (जागा सुटली की करंट आपोआप कमीजास्त करणाऱ्या प्रोग्रॅमने) धरलं तर तीनेक अँपिअर लागतात, सामन्यापुरते ते चालतात. वर्म गिअर आपोआप धरतो, पण त्यात निम्मी किंवा त्याहून जास्त पॉवर जाते, मग वेगवान लिफ्टला मोटर दुप्पट घ्यावी लागते. सामना संपल्यावर वीज तुटूनही वर राहायला हवं असेल तर रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारं दातेरी चाक) किंवा वीज गेल्यावर लागणारा ब्रेक बसवा.

कॉन्स्टंट फोर्स स्प्रिंग (कितीही ओढली तरी तेवढाच जोर देणारी) हा फार चांगला उपाय आहे आणि टीम तो उगाच टाळतात. स्प्रिंग भरलेल्या नाही, रिकाम्या कॅरेजवरून निवडा. ४ किलोची रिकामी कॅरेज, घर्षण १.२ किलो, स्प्रिंग २.५ किलोची घेतली तर १.५ किलो उरतात आणि कॅरेज खाली येते. ३ किलोची घेतली तर ती मधेच लटकते. २.५ च्या स्प्रिंगने वर जातानाचा करंट साडेसातवरून साडेपाच अँपिअरवर येतो.

बडोद्याच्या उन्हाळ्यात चाचणी

मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. वाइंडिंग २५ वरून १०० अंशांवर गेलं की स्टॉल टॉर्क सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. म्हणून चाचणी पंख्याखाली, एकदा वर-खाली करून संपवू नका. एका सामन्यात जितक्या खेपा होतील त्याच्या दुप्पट, मधे न थांबता, अर्ध्या चार्जच्या बॅटरीवर करा. पहिल्या आणि शेवटच्या खेपेचा वेळ व करंट लिहून ठेवा. करंट तेवढाच राहून वेळ वाढला तर मोटर तापते आहे किंवा बॅटरी बसते आहे. दोन्ही वाढले तर रेलकडे, बेअरिंगकडे पाहा. सुट्या भागांत नुसती मोटर नेऊ नका. मोटर, गिअरबॉक्स आणि ड्रम जोडून, दोरी गुंडाळून तयार संच न्या, चार बोल्टमध्ये बदलता येईल असा.