मासा सुस्त दिसला की आधी थर्मामीटर बघा

माझा फायटर मासा दोन दिवस टँकमधल्या हीटरला चिकटून बसला होता. पंख मिटलेले, दाणा नाकासमोरून खाली गेला तरी ढिम्म. मी औषध आणायला निघालो आणि चपला घालताना थर्मामीटरवर नजर गेली. २१ अंश! हीटर कधीच गेला होता, त्याचा लाल दिवा मात्र इमानेइतबारे चालू. तेव्हापासून त्या दिव्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार झालं की त्याची हालचाल मंदावते, पचनही मंदावतं. अशा वेळी भूक लागावी म्हणून जास्त खाणं टाकू नका, ते तळाशी कुजतं. नवा हीटर मी आधी २३ वर लावला, दुसऱ्या दिवशी २६ वर. त्याच संध्याकाळी साहेब काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर कल्ले फुगवून धावून जात होते.

पाणी तापलं तर चित्र उलटं. आधी मासे उगाचच सैरावैरा पळतात, एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात. मग फिल्टरच्या धारेपाशी किंवा पृष्ठभागाशी जमून तोंडं उघडझाप करतात. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. आणि तापलेल्या पाण्यात माशाला ऑक्सिजन लागतो मात्र जास्त.

मासा धापा टाकतोय का हे कळायला कल्ल्यांची उघडझाप मोजायची सवय लावा. एकाच माशावर नजर ठेवून १५ सेकंदांत कल्ले किती वेळा उघडतात ते मोजायचं आणि चारने गुणायचं. सगळं ठीक असतानाचा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे तुलना त्याच्याशीच. फायटर आणि गुरामी अधूनमधून वर येऊन हवा घेतात, ती त्यांची जातच. त्याने घाबरू नका. टेट्रा तसं करायला लागले तर मात्र घाबरा.

थंड करताना बर्फाचे खडे टाकू नका. टँकचा दिवा बंद करा, झाकणाऐवजी जाळी टाका (मासे उड्या मारतात, मी एक गमावलाय) आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्यावर आडवा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेलं पाणी भरत राहा, एअर पंप चालू ठेवा, खाणं निम्म्यावर आणा.

खरा घात होतो तो पाणी बदलताना. एकदम गार पाणी ओतलं की मासा दचकतो, त्याची प्रतिकारशक्ती ढासळते आणि मग अंगावर पांढरे ठिपके पडायचा रोग व्हायला वाव मिळतो. म्हणून बादलीतही थर्मामीटर घाला, टँकशी फरक एक-दोन अंशांच्या आतच हवा. पाणी काढायच्या पंधरा मिनिटं आधी हीटर बंद करा, नाहीतर तापलेली काच उघडी पडून तडकते. गंमत म्हणजे कोरीडोरास जातीच्या माशांना थोडं गार पाणी मिळालं की ते अंडी घालायच्या मागे लागतात!

गोल्डफिशला १८ ते २२ मानवतं, फायटरला २५ ते २७, डिस्कसला २८ ते ३०. त्यांना एकत्र ठेवायचा मधला आकडा शोधत बसू नका. थर्मामीटर हीटरपासून लांबच्या टोकाला लावा. मी आता दोन लावतो, कारण एक नेहमी खोटं बोलतो.