नुस्तें, उदक आणि ‘तूं’: गोव्यात नव्याने आलेल्या मराठी माणसांसाठी

सातारहून म्हापशाला येऊन मला बावीस वर्षं झाली. दर जूनमध्ये आमच्या वाड्यावर एखादं तरी नवीन मराठी बिऱ्हाड येतं. कुणाची बँकेत बदली झालेली असते, कुणाला औषध कंपनीत नोकरी लागलेली असते. भाड्याचा करार, गॅस, मुलांची शाळा हे सगळं महिन्याभरात मार्गी लागतं. त्या बाबतीत मदत लागली तर हक्काने या. मला लिहायचंय ते बोलण्याबद्दल, कारण तिथे माणसं वर्षानुवर्षं अडकलेली मी पाहिली आहेत.

नवीन आलेला प्रत्येक जण म्हणतो, “कोंकणीचं काय, कळतेच की.” खरी अडचण इथेच सुरू होते. चेन्नईला बदली झाली असती तर आपण प्रत्येक शब्द जपून ऐकला असता. इथे शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून त्यांचा अर्थ आपण मनातल्या मनात लावून मोकळे होतो आणि न झालेला अपमान घरी घेऊन जातो.

माझंच सांगते. पहिल्या आठवड्यात दुकानदाराने विचारलं, “तुका कितें जाय?” अनोळखी माणूस एकेरीत बोलतो आणि वर ‘जा’ म्हणतो, एवढंच मला ऐकू आलं. तशीच परत फिरले. ‘जाय’ म्हणजे ‘हवं’. तो बिचारा काय देऊ असं विचारत होता. तसंच ‘नाका’ म्हणजे ‘नको’ आणि ‘नुस्तें’ म्हणजे मासे. शेजारीण सकाळी हळहळून “आयज नुस्तें ना” म्हणाली, तर बाजारात मासळी आलेली नाही एवढंच ती सांगत असते. उदक म्हणजे साधं प्यायचं पाणी. आपल्याकडे उदक सोडतात, इथे पाहुण्यापुढे पहिल्यांदा ठेवतात.

‘खंय’ची मात्र वेगळी गोष्ट. घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठे?’ म्हणून विचारू नये, हे आपल्या हाडीमासी खिळलेलं आहे. माझी आजी तर कुणी असं विचारलं की निघालेल्या माणसाला परत पाटावर बसवून पाणी प्यायला लावायची. इथे फाटकातून पाऊल टाकलं की तीन घरांतून हाक येते, “खंय वता?” सुरुवातीला मला वाटायचं, माझ्यावर पाळत आहे. पण त्या प्रश्नाला उत्तराची अपेक्षाच नसते. तो आपला ‘काय, बरं आहे ना?’ आहे. “हांगाच,” म्हणजे ‘इथेच’, एवढं हसून म्हटलं की झालं. मुकाट्याने पुढे गेलात तर ते लक्षात राहतं.

‘मरे’ ऐकून दचकू नका. “कितें मरे, खंय आसा तूं?” यात कुणी कुणाला मरायला सांगत नाही. दोस्तीत पुरुषाला मारलेली ती हाक आहे, आपल्या ‘काय रे’सारखी. मात्र नवीन माणसाने स्वतःहून ती वापरू नये. ज्याने तुम्हाला मरे म्हटलं, त्यालाच म्हणा.

आता ‘तूं’. या एका शब्दावरून मी सर्वांत जास्त मनस्ताप करून घेतला, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण मराठीत मान देतो तो क्रियापदाला: या, बसा, आलात, जेवलात. एकेरी क्रियापद आलं की मान गेला, असा आपला हिशेब. गोव्यात तूंचा वावर कितीतरी मोठा आहे. वडीलधाऱ्यांना, मास्तरांना, भटजींना तुमी म्हणणारी घरं आहेतच, पण पुष्कळ घरांत, विशेषतः ख्रिस्ती घरांत, वयाने मोठ्या माणसालाही सहज तूं म्हणतात. मग मान कुठे असतो? बऱ्याचदा तो नावाच्या शेपटाला असतो. पुरुषाच्या नावापुढे ‘बाब’, बाईच्या नावापुढे ‘बाय’. कवी बा. भ. बोरकर इथे सगळ्यांचे बाकीबाब आहेत. नावाला बाब जोडून पुढे तूं म्हणणारा माणूस तुम्हाला मान आणि जवळीक दोन्ही एकदम देत असतो. आपण नुसतं क्रियापद ऐकतो आणि बाब कानाआड करतो.

बायकांसाठी आणखी एक. आमच्या शेजारच्या आजी तेव्हा साठीच्या होत्या. त्यांच्याकडे आलेल्या बाईंना माझी ओळख करून देताना त्या म्हणाल्या, “तें सातारचें.” तें! मी एम. ए. झालेली, सव्वीस वर्षांची, लग्न झालेली बाई, आणि माझा उल्लेख नपुंसकलिंगात. रात्री मी नवऱ्याजवळ रडले होते. पुढे कार्यालयातल्या मैत्रिणीने समजावलं की कोंकणीत मुलीबाळींना, तरुण बाईला तें म्हणतात. मुलगी स्वतःबद्दलही “हांव आयलें” असंच म्हणते. आपण लाडाने ‘ते पोर’ म्हणतो ना, त्यातलाच तो ओलावा. आजींनी मला घरातल्या लेकींत धरलं होतं.

दारात गेल्यावरचे रिवाज थोडक्यात सांगते. दुपारी एक ते चार कुणाच्याही दारी जाऊ नका, फोनही करू नका. जुन्या घरांना पुढे बाल्कांव, म्हणजे छपराखालचा ओटा असतो, आणि दोन्ही बाजूंनी ‘सोपे’, म्हणजे बसायचे बांधीव कट्टे असतात. तिथेच बसवून तासभर गप्पा मारल्या आणि आत बोलावलं नाही, तर त्यात कमीपणा नाही. बाल्कांव त्यासाठीच बांधलेला असतो. वाटीभर कालवण आलं आणि तुम्ही शाकाहारी असाल तर “आम्ही मासे खात नाही” असं स्वच्छ सांगा, कुणी रागावत नाही. “आम्ही असलं खात नाही” मात्र म्हणू नका. त्या ‘असलं’ने वर्षाचा शेजार तुटलेला मी बघितला आहे.

आभार मानण्यात आपण मराठी माणसं कंजूष. घरच्याला कसले आभार मानायचे, ही आपली भावना खोटी नाही, पण इथे ती कळत नाही. “देव बरें करूं” हे शब्द पहिल्याच दिवशी शिका आणि दुकानात, बसमध्ये, शेजारी वापरा. सुरुवातीला माझ्या जिभेला ते जड गेले. नंतर कळलं की ‘धन्यवाद’पेक्षा हे म्हणणं सोपं आहे, कारण इथे समोरच्याचं भलं चिंतायचं असतं.

काम सांगताना “झालं का? कधी होणार?” असं थेट सुरू करू नका. आपल्याला तो नेमकेपणा वाटतो, समोरच्याला हुकूम वाटतो. आधी पावसाचं, मासळीचं दोन शब्द बोला. नळ दुरुस्त करणारा “पळोवया”, म्हणजे ‘बघूया’, म्हणाला तर तो बहुधा नाहीच म्हणतोय. तोंडावर नाही म्हणून तुम्हाला दुखवायचं नाही, एवढंच. “फाल्यां येतां”, म्हणजे ‘उद्या येतो’, म्हणाला तर “कितल्या वोरांचेर?”, म्हणजे ‘किती वाजता?’, असं विचारा. वेळ सांगितली तर तो येईल, हा माझा अनुभव आहे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. “कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली” हे वाक्य गोव्यात कधीही, कितीही प्रेमाने उच्चारू नका. १६ जानेवारी १९६७ ला इथल्या लोकांनी मतदान करून ठरवलं की गोवा महाराष्ट्रात जाणार नाही. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, १९८७ मध्ये देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. यातल्या प्रत्येक टप्प्यासाठी माणसं झगडली आहेत, घराघरांत वाद झाले आहेत. तुमच्या एका वाक्याने ते सगळं पुसलं जातं.

मराठी इथे परकी आहे असं मात्र समजू नका. राजभाषा कायद्यातही तिला जागा आहे. देवळातलं भजन, जत्रेतलं नाटक, सकाळचं वर्तमानपत्र असंख्य घरांत मराठीच असतं. वाचायला मराठी आणि बोलायला कोंकणी, ही विभागणी जुनी आहे. इंग्लंडहून आलेले ख्रिस्ती धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं आणि लोकांची बोली शिकवणारं व्याकरण लिहिलं ते कोंकणीचं. म्हणून गोंयकार तुमच्याशी मराठीत बोलतो तेव्हा तो पोथीतली, वर्तमानपत्रातली भाषा तुमच्यासाठी काढून आणतो. तुम्ही पाहुणे आहात म्हणून. त्याची घरची भाषा तुम्ही अजून ऐकलेलीच नसते.

‘घाटी’ हा शब्दही कानावर येईल. तो लागतो. मला आजही लागतो आणि तो चालवून घ्या असं मी सांगणार नाही. शेजारच्याने म्हटलं तर शांतपणे, “हो, मी घाटावरची, सातारची” असं सांगा. बहुतेक वेळा पुढचं बोलणं गावाबद्दल होतं.

कोंकणी मोडकीतोडकी का होईना, बोला. लिंग चुकेल, क्रियापद चुकेल, लोक हसतील आणि दुरुस्त करतील. मला आजींनी दुरुस्त केलं. पहिली चार वर्षं त्या माझ्याशी मराठीत बोलायच्या, अगदी जपून, ‘तुम्ही’ म्हणून. मग एका गणेश चतुर्थीला मी त्यांच्याकडे नेवऱ्या करायला बसले होते. पाच वाजत आले होते, हात पिठाचे. त्या आतून आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “तूं जेवलें गो?”

मी नाही म्हटलं. त्यांनी ताट वाढलं. आज त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, मी अठ्ठेचाळीसची. अजूनही तसंच विचारतात.