माझुर्का वाजवताय? आधी खुर्चीवरून उठा

पुण्यात पियानो शिकणारी बरीच मुलं पोलिश संगीतकार शोपँचा माझुर्का हातात आला की तो वॉल्ट्झ या युरोपियन नाचासारखाच वाजवतात, म्हणजे ऊम-पा-पा, पहिल्या बीटवर धप्पकन जोर, आणि मग सगळा जीवच जातो त्यातला. दोन्ही थ्री-फोर, म्हणजे तीन-तीन बीटचे आहेत हे खरंय, पण माझुर्का पोलंडच्या खेड्यातल्या नाचातून आलाय आणि तिथे जोर पडतो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या बीटवर.

म्हणून आधी पियानो बंद. उभं राहून एक-दोन-तीन मोजत चाला आणि फक्त तीनवर पाय आपटा, जमलं की दोनवर (दुपारी एक ते चार सोडून, खालचे लोक वर येतील). मग स्पीड बदलून बघा, कारण माझुर्कात तीन नाच मिसळलेत: मझूर ठसकेबाज, कुयावियाक संथ आणि जरा उदास, ओबेरेक गरगर फिरणारा. तुमच्या पीसमध्ये कुठे कोणता डोकावतो ते पेन्सिलीने लिहून ठेवा.

आता रुबातो, म्हणजे लय थोडी ताणत-सोडत वाजवणं. शोपँ स्वतः माझुर्का वाजवताना पहिल्या बीटवर इतका रेंगाळायचा की चार्ल्स हॅले या पियानोवादकाला ते फोर-फोर, म्हणजे चार बीटचं वाटलं, शोपँ आधी मानेचना, मग हॅलेने त्याला वाजवायला लावून मोठ्याने चार मोजून दाखवले तेव्हा हसला आणि म्हणाला की या नाचाचा स्वभावच तसा आहे. तुम्ही मात्र सुरुवातीला मेट्रोनोमवर पक्कं करा, रेंगाळायचं नंतर.

सुरुवातीला शोपँचा माझुर्का ओपस ६८ नंबर ३ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) घ्या, फार अवघड नाहीये. मधला भाग आला की थांबा जरा. डावा हात बी फ्लॅट आणि एफ धरून बसतो, म्हणजे सरळ सा-प, तानपुराच की! आणि वर उजव्या हाताला ई नॅचरल येतो, म्हणजे बी फ्लॅटला सा धरलं तर तीव्र मध्यम. यमन कानात असलेल्यांना हा सूर चुकीचा वाटणारच नाही, पण हार्मनीच्या पुस्तकातनं आलेली मुलं तिथे हमखास ई फ्लॅट दाबतात. हे पोलिश गावातलं संगीत आहे, तिथल्या बॅगपाइपचा एक सूर सतत चालूच असतो आणि शोपँने १८२४-२५ च्या सुट्ट्यांत शाफार्न्या या पोलिश गावात असली गाणी-वाजवणी ऐकली होती. डावा हात इथे एकसारखा आणि थोडा रखरखीतच ठेवा, पेडलने गुळगुळीत करू नका.

शोपँने पोलोनेझही लिहिलेत, त्यांना वेगळा सराव लागतो, कारण पोलोनेझ हा मिरवत चालायचा पोलिश नाच. बोल म्हणा: ता तक ता ता ता ता, ‘तक’ दुप्पट वेगात, बाकी सगळे सारखे. हे चालता चालता तोंडात बसलं की मगच शोपँचा पोलोनेझ ओपस ४० नंबर १ उघडा, आणि घाई करू नका, त्या तालावर लोक पावलं टाकत जायचे, धावत नाही.